पुतळीवरचा चेहरा

३ फेब्रुवारी १९५९, कुवेत
आगबोटीतून उतरलो तरी पोटातल्या लाटा थांबेनात. धक्क्यावर फारूकभाई दिसले आणि सगळं विसरलो. हर्णैच्या कारागिराला परमुलखात हर्णैचाच सोनार मालक मिळावा, आणखी काय हवं? खाली दुकान, मागे त्यांचं बिऱ्हाड, वर माझी खोली. शेजारच्या बाकड्यावर यूसुफ, वाकड्या नाकाचा आणि अखंड बडबडणारा. महिन्याभराने माझी बायको असमा येईल. तिच्यासाठी भाईंनी सोन्याची पुतळीसुद्धा काढून ठेवली आहे.

८ फेब्रुवारी
पुतळी म्हणजे जुनं रोमन नाणं निघालं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला बादशहा. दुसरीकडे तोच, हात बांधलेल्या कैद्याच्या मानेवर पाय रोवून उभा. झुलेखावहिनींनी, भाईंच्या बायकोने, बजावलं की अंगावर चित्र ठेवून नमाज पढत नाहीत, आधी चेहरा घासायचा, मगच गळ्यात. कानशीने बादशहाला सपाट केलं.

११ फेब्रुवारी
सकाळी चेहरा पुन्हा उमटलेला. नाक थेट यूसुफसारखं वाकडं. त्याला दाखवून चिडवलं आणि कानस लावली.
तो किंचाळला. त्याचं नाक सोलून निघत होतं आणि माझा हात थांबत नव्हता. थांबला तेव्हा यूसुफला कपाळापासून हनुवटीपर्यंत काही उरलं नव्हतं. पोलीस म्हणाले, दागिने पॉलिश करायच्या यंत्रात तोंड सापडलं. कानशीच्या दात्यांत सोन्याच्या किसाबरोबर मांस होतं.

१६ फेब्रुवारी
आता नाण्यावर फारूकभाईंचा चेहरा. खात्री करायला नाण्यावरच्या कानाला एकदाच कानस टेकवली. खालून ओरडणं. भाई म्हणतात, लोखंडी दाराने कानाची पाळी गेली. यूसुफला मीच मारलं.

२ मार्च
नाण्यावर नाकात चमकी. हनुवटीवर तीळ. असमा. उद्या उतरते.
समुद्रात टाकलं तर ती बुडेल का? वितळवलं तर — नको. वहिनींच्या तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलं. तिथे कानस पोचणार नाही.

३ मार्च
असमा आली. वाळली आहे, पण हसते. समोर बसून केस विंचरते आहे. मला रडू येतंय.
खाली वहिनी तिच्यासाठी बिर्याणी करतायत. एवढा तांदूळ — डबा —
वहिनींनी हाक मारून सांगितलं, पुतळी सापडली, चेहरा राहिलाय, नवरीसाठी मीच घासून देते —
नको वहिनी —
कानशीचा आवाज. असमाने नाकाला हात लावला. बोटांतून —