निम्मी भरून ठेवलेली बॅटरी

रविवार, १९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी इकडे बऱ्या आहोत, तुम्ही सगळेही तसेच असाल असं धरून चालते. आईचा खोकला उतरला आहे. औषध कडू म्हणून ती आधी बाटलीशी भांडते आणि मग माझ्याशी. न्हाणीघरातला नळ अजून ठिबकतोच आहे. भाऊजींनी पाठवलेला माणूस येऊन बराच वेळ नळाकडे बघत उभा राहिला, नळ त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग तो चहा पिऊन गेला.

तुझ्या घरी चालत यायला मला फार वेळ लागत नाही. तरी पत्र लिहिते आहे. समोरासमोर बोललं की तू माझं वाक्य मध्येच तोडतेस आणि मला रडू येतं, आणि जी रडते ती चुकते, असं आपल्या घरात पहिल्यापासून ठरलेलं आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येईल, पण तोवर तू वाचलेलं असशील.

आई विचारत होती, ताई इतके दिवस का फिरकली नाही. मी म्हटलं, तिला काम आहे. तर म्हणते, काम तर माझ्या जन्माआधीपासून आहे, त्याने कुणाचं माहेर बंद झालेलं मी पाहिलं नाही.

तू मागितलेला कागद मी लिहिलेला नाही. लिहिणारही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तो शेवटी जोडलेला असेल म्हणून तू पानं उलटायला नकोस.

उद्या मोठ्या साहेबांसमोर चौकशी आहे. तिथे मी, लॉन्ड्रीतल्या बायकांची बॅटरीवाली, लिहून द्यावं असं तुला हवं होतं: आमच्यातल्याच पाखरूने तिचा जप्त केलेला गाण्यांचा प्लेअर तुझ्या ड्रॉवरमधून चोरला, चादरींच्या खोलीत लपवून चार्जिंगला लावला, तिला त्यातलं काही कळत नाही, म्हणून धूर झाला. "तू लिहिलंस की पुढे कुणी विचारणार नाही," असं तू म्हणालीस. ते अगदी खरं आहे. म्हणूनच लिहिणार नाही.

आता मला मुळापासून बोलू दे. तू लॉन्ड्रीची हेड झाल्यापासून काही गोष्टी तुला वेगळ्याच आठवतात.

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत फोन आत न्यायचा नाही, हा नियम आपण दोघी घड्यांच्या टेबलाशी शेजारी उभ्या असायचो तेव्हापासूनचा. तेव्हाच हे काडेपेटीएवढे प्लेअर आले. मुलांच्या हातात फोन आल्यावर ते घरोघरी ड्रॉवरच्या तळाशी पडले होते. बायकांनी ते झटकून आणले आणि मी ते जगवले. पहिले दोन-तीन माझ्या हातून कायमचे गेले, मग हात बसला. तूच मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागलीस, आणि तुझा निळा प्लेअर रांग मोडून सगळ्यांच्या आधी पुढे करायचीस.

नियम मी भिंतीवर लावले नव्हते, बायकांच्या तोंडी बसवले होते. बॅटरीच्या चित्रातल्या चार कांड्यांतली एक उरली की प्लेअर चार्जिंगला लावायचा. चौथी पुरती भरायच्या आत काढायचा, पानात घास राहिला तरी चालेल. लावलेला असताना त्याच्यावर काही झाकायचं नाही. ऊन नको, ड्रायरची ऊब नको, इस्त्रीच्या चादरी तर मुळीच नकोत, कारण बॅटरीला उष्णतेइतकं वावडं कशाचं नाही. फुगली तर दाबून बघायची नाही, माझ्याकडे आणायची. आणि बरेच दिवस वापरायचा नसेल तर निम्मा भरून, बंद करून ठेवायचा. रिकामा ठेवला तर मरतो, तुडुंब भरून ठेवला तर लवकर म्हातारा होतो. हे ऐकून आपल्या मावशी, लॉन्ड्रीत सगळ्यांत जुन्या, म्हणाल्या होत्या, म्हणजे नवऱ्यासारखंच की, उपाशीही ठेवायचा नाही आणि लाडावूनही ठेवायचा नाही. सगळ्यांत जास्त तूच हसली होतीस. शिकली मात्र काही नाहीस.

मग तू हेड झालीस. ट्रॉली एकीच्या पायावरून गेली, तिच्या दोन्ही कानांत गाणी होती, आणि तू एका दिवसात सगळे प्लेअर बंद केलेस. मी तेव्हाही म्हटलं होतं, एकाच कानात घालायचा असा नियम कर. तू म्हणालीस, कानांत बोळे घालून काम होत नाही. तुझा निळा तू सगळ्यांदेखत पहिला खोक्यात टाकलास, मागे बाकीच्यांचे पडले आणि खोकं तुझ्या ड्रॉवरमध्ये गेलं. मी आले होते तुझ्याकडे, आठवतं? बंदी असू दे, पण अधूनमधून किल्ली दे, मी ते थोडे थोडे भरून ठेवते, नाहीतर पडून पडून मरतील. तू कागदावरून डोळे न उचलता म्हणालीस, "दवाखाना बंद झाला, डॉक्टरीणबाई."

ताई, ते बोळे नव्हते. आपल्या टेबलावर येणाऱ्या चादरी तू इतक्या वर्षांत विसरली नसशील. धुऊन आली तरी एखाद्या चादरीवरून कळतं की तिच्यावर कोण होतं आणि त्याचं काय झालं. लहान मुलांच्या वॉर्डातल्या छोट्या चादरी आल्या की मावशी अजून तोंड फिरवून घडी घालतात. डोळ्यांना सुटका नाही. कान तरी दुसरीकडे जात होते.

आता धुराचं.

त्या दिवशी चादरींच्या खोलीतून वास आला. मावशींनी दार ढकललं, खालच्या फळीवरचा धुमसणारा गठ्ठा ट्रॉलीच्या दांड्याने ओढला आणि अंगणात नेऊन टाकला. त्यांच्या मनगटावर फोड आला. आत पाखरूचा लाल प्लेअर निघाला, आणि तू लगेच म्हणालीस, किल्ली माझ्या टेबलावर राहिली होती, हिनेच नेला. अख्खा दिवस गुणगुणणारी पाखरू, तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. तिला घरी बसवलं गेलं. उद्या ठरेल, काही दिवसांसाठी की कायमचं.

साहेबांनी खोकं माझ्याकडे दिलं, उरलेल्यांत धोक्याचं काही आहे का बघ म्हणून. जळालेल्याचे अवशेषही त्यातच होते. मी सगळं स्वयंपाकघरातल्या फरशीवर मांडलं. बहुतेक प्लेअर मेलेले होते, उपाशी. तुझा निळाही. तू तो दिलास तेव्हा एकही कांडी उरलेली नव्हती, कारण तू त्याला कायमच शेवटच्या श्वासापर्यंत ओढायचीस. आपल्या पहिल्या प्लेअरचे सेल विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं, पूर्ण उतरू द्या, मग रात्रभर लावून ठेवा. त्या जातीच्या सेलना ते बरोबर होतं. ते सेल जाऊन जमाना झाला, तुझ्या डोक्यातून दुकानदार काही गेला नाही. स्वतःलाही तू तसंच वापरतेस. असो, ते आज नको.

पाखरूने मात्र तिचा लाल मी शिकवल्याप्रमाणे निम्मा भरून, बंद करून दिला होता. म्हणून इतके महिने पडूनही त्या खोक्यात तो एकटा जिवंत राहिला असणार.

आणि मग मला इअरफोनची वायर दिसली. एक टोक वितळलेलं, बाकीची शाबूत. तिचे तीन पदर करून घट्ट, सारखी, तिपेडी वेणी घातलेली.

पाखरूच्या वायरीचा कायम गुंता असायचा, तो सोडवण्यात तिची निम्मी सुट्टी जायची. ही वेणी मी कुठेही ओळखेन. आई पहाटे कामाला जायची आणि तू मला गुडघ्यांत धरून शाळेसाठी अशीच वेणी घालायचीस, इतकी ओढून की माझे डोळे तिरळे व्हायचे. इस्त्रीची वायर, चार्जरची वायर, पडद्याची दोरी, तुझ्या हाताला तीन पदर मिळाले की वेणी होते. तुलाही कळत नाही.

मी आधी पाखरूकडे गेले. तिची एकच खोली आहे, जिन्याखाली. मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. मी वायरीचं काही बोलले नाही. नुसतं विचारलं, तू साहेबांना का सांगत नाहीस की तू नेला नव्हतास. तिने पदराचं टोक चिमटीत धरलं. मग म्हणाली,

"मोठ्या ताई दुपारी चादरींच्या खोलीत ऐकायच्या. दार लोटलेलं असायचं, पण गुणगुण बाहेर यायची. माझीच गाणी. मला बरं वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या सख्ख्या बहिणीचं नाव मी तुमच्यासमोर कसं घेऊ? तुम्ही माझा प्लेअर तीनदा जिवंत केलात."

ताई, तिथून निघताना एवढंच डोक्यात होतं. ती माझ्यासाठी गप्प होती. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. माझ्या भिडेपायी तिची भाकरी चालली होती आणि मी घरी बसून आईच्या खोकल्याला वाफ देत होते. तोवर मीही मनाशी म्हणत होते, की बघू, कदाचित साहेब समज देऊन सोडतील, दोन्हीकडचं झाकलं जाईल. आता नाही म्हणत.

तू तो जाणूनबुजून चादरींत ठेवला नाहीस, हे मला माहीत आहे. तुझी केबिन काचेची, तिथे लावला तर सगळ्यांना दिसणार. म्हणून तू तो त्या खोलीत, खालच्या फळीवर मागे लावलास, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे रात्रभर, आणि सकाळी कामाच्या गडबडीत राहून गेला. बायकांनी इस्त्रीच्या रोलरवरून उतरलेल्या गरम चादरी नेहमीसारख्या त्याच्यावर रचल्या. त्यांना काय माहीत, खाली काय आहे ते. चूक कुणाच्याही हातून झाली असती. त्यानंतर जे तू बोललीस, ते मात्र चूक नव्हतं. ते तू पाखरूकडे बघत, शुद्धीवर असताना बोललीस.

मला तू ऐकत होतीस याचा राग नाही. उलट, आईशपथ, ते कळलं तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग संताप आला. तुझ्याही कानांना कुठेतरी जावंसं वाटत होतं. मग आमच्याच का बांधून ठेवलेस?

तर आता ऐक. उद्या साहेबांच्या खोलीत तू आधी बोल. मी दाराशी उभी राहीन. तू जे झालं ते सांगितलंस तर मी एक शब्दही वर बोलणार नाही, तू म्हणशील तिथे तुझ्या बाजूला येऊन बसेन. तू नाही बोललीस तर मी आत येईन आणि ती वायर टेबलावर ठेवीन. साहेबांना वेणीतलं काय कळणार, असं तुला वाटेल. त्यांना कळायची गरज नाही. ती कुणाची आहे ते मी सांगेन. "घरचं माणूस म्हणून तरी गप्प बस," असं तू परवा म्हणालीस. घरचं माणूस आहे म्हणूनच आदल्या दिवशी कळवते आहे. परकी असते तर थेट उद्याच कळलं असतं.

आणि प्लेअर परत हवेत. एका कानात, चार्जिंग दाराजवळच्या उघड्या फरशीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर. हेही मी उद्याच मागणार आहे, तू हेड असलीस तरी आणि दुसरी कुणी आली तरी. साहेब नाही म्हणाले तर परवा मागेन, मग तेरवा. खोकं माझ्याकडे आहे आणि आता मला किल्ली लागत नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. पण मघाशी ती माझ्या मागे उभी राहून म्हणाली, तिला लिहितेस ना, मग एवढं दाबून लिहू नकोस, पलीकडून उमटतंय. मी म्हटलं, उमटू दे.

पत्रासोबत तुझा निळा प्लेअर पाठवते आहे. त्यात नवी बॅटरी घातली आहे. पाखरूकडे तिची गाणी मागितली, तिने लगेच घरच्या फोनमधून काढून दिली. कुणासाठी ते विचारलं नाही.

दोन कांड्या भरून, बंद करून ठेवला आहे. पुरता भरला नाही, कारण उद्यानंतर तू माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीस ते मला माहीत नाही. असा ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो. कपाटात ठेव, गार जागेला. रागाने फेकू नकोस, बॅटरीला मार सोसत नाही. आणि ज्या दिवशी ऐकशील, त्या दिवशी चार्जिंगला लावायच्या आधी मला हाक मार.

वायर मी सरळ गुंडाळली आहे. वेणी तूच घाल.

तुझ्या गुडघ्यांत डोकं धरून बसायची, पण उद्या तुझ्यासमोर मान ताठ ठेवून उभी राहणारी,
तुझीच
धाकटी