सशाचे टाके

अकोला,
दि. १७ नोव्हेंबर १९६६

प्रिय जमुनाताईले शालूचा जयभीम.

पत्र पोचलं. वलगावले तू अन् खुशालभाऊजी बरे अससान. लेकरासाठी तू धाडलेली वैदूची पुडी संपली. सात दिवस दुधातून घेतली, तू सांगितलं तशी.

इकडची बातमी म्हणजे पोरींचा ससा. माय मेलेल्या पोरी, म्हणून त्यांनी मागितलं का ह्यांच्यानं नाही म्हणवत नाही. पण बाप्पा, ससा असा माजला! घरभर मुते, धाकटीच्या पायाले चावे. शेजारचे शेषराव ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत. ते म्हणे, "वहिनी, याले खच्ची करून टाका, गरीब होते." मागच्या सोमवारी डॉक्टरांनी केलं.

दोन दिवस त्यानं कशालेच तोंड लावलं नाही. टोपल्यात जुनं लुगडं अंथरलं, टाक्यांले पाणी लागू दिलं नाही, मांडीवर घेऊन कोथिंबिरीची एकेक काडी तोंडाशी धरली. तिसऱ्या दिवशी त्यानं काडी कुरतडली तवा मी रडली, ताई. सासूबाईनं टोमणा मारलाच, "वांझेले ससाच पुरते."

बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आपलं, देव सोडले. तरी म्या चोरून सोळा सोमवार धरले. ह्यांले सांगितलं नाही. तुलेच सांगून राहिली.

काल शेषराव टाके पाहाले आले. म्हणे, "महिनाभर मादीजवळ सोडू नका. खच्ची केल्यावर बी लगेच भरवसा नसते, पिल्लं होऊ शकतात." हे चहा पीत होते. हसून बोलून गेले, "माह्या टायमाले तं डॉक्टरनं तीन महिने सांगितले होते."

अन् कप तोंडाशीच राहिला. शेषराव उठून गेले.

म्या विचारलं, "तुमच्या कोणत्या टायमाले?"

खाली पाहूनच बोलले. पहिल्या बायकोचं दुसरं बाळंतपण जिवावर बेतलं, म्हणून अमरावतीले जाऊन नसबंदी करून घेतली. सासूबाईलेही सांगितलं नाही. मग ती तापानं गेली. "तुले सांगितलं असतं तं तू लगन केलं नसतं. पोरींले माय पाहिजे होती."

चार वर्षं, ताई! चार वर्षं लोकं मले वांझ म्हणून राहिले, अन् हा माणूस बाजूले बसून जेवून राहिला! राग बी धड येऊन नाही राहिला.

मग एकच विचारलं, "दवाखान्यात संगती कोण होतं?"

"खुशालराव. त्यांनीच टांग्यात घालून घरी आणलं."

माही सोयरीक तू अन् भाऊजीनंच जुळवली. पुडी बी तूच धाडली. तुले माहीत होतं का? हो का नाही, एवढंच लिही. कार्डावर नको, पाकिटात घाल. पोरी वाचतात.

ससा आता खाते. टाके उद्या काढतीन.

दर पत्राखाली 'तुझी' लिहिते. आज हात उचलून नाही राहिला. तुहं उत्तर आल्यावर पाहीन.

शालू