पडद्यावरचे आजोबा

प्रिय रूफस,

तू काम केलेला सिनेमा अखेर आपल्या गावात आला. पोपोंडेट्टा शहराहून फादरनी जनरेटर आणि प्रोजेक्टर आणला, चर्चच्या भिंतीवर चादर ताणली, आणि अख्खं गाव चटया घेऊन हजर. समुद्रापलीकडे केर्न्सला बसून तू विचारणार, कसा वाटला? म्हणून आधी तेच सांगते.

चांगलं पुष्कळ आहे. चिखल खरा आहे. जखमी गोऱ्या सैनिकाला स्ट्रेचरवर घालून तुम्ही चौघं तो कडा उतरता, तेव्हा सगळे श्वास रोखून होते. मेव्हिसआत्या तर स्वतःचाच खांदा चोळू लागली. मग मात्र तिचं तोंड सुटलं. “हे जंगल कुठलं गं? कुणाच्याच पायाला जळू कशी नाही?” सगळे खो खो हसले. खरंय तिचं. ती झाडं तुझ्या केर्न्सकडची, क्वीन्सलँडची, हे इथली पोरंसोरंही ओळखतात. आणि तुला राग येईल, पण लिहितेच: त्या सैनिकाला आई आहे, प्रेयसी आहे, मेंढ्यांचं कुरण आहे. तुला साधं नावही नाही. तो थंडीने कुडकुडतो तेव्हा तू त्याला पांघरूण घालतोस. तू स्वतः कुठे झोपतोस, ते कुणी दाखवतच नाही.

बाबा पहिल्या रांगेत होते. युद्धात जपानी आले त्या वर्षी गोऱ्यांच्या सैन्याने आजोबांना ओझी वाहायला नेलं, तेव्हा बाबा आजीच्या पोटात होते. आजोबा परतलेच नाहीत. ना फोटो, ना थडगं. तुला न्हाऊ घालताना आजी म्हणायची, “हुबेहूब तोच आहे मेला, कपाळसुद्धा सोडलं नाही,” आणि आपण हसायचो. त्या चादरीवर, कमरेला फडकं गुंडाळलेला, ओझ्याखाली वाकलेला तू आलास आणि बाबा उठून उभे राहिले. मागून लोक ओरडले, “खाली बसा की, काका!” ते बसले नाहीत. चादरीपर्यंत गेले आणि तुझ्या गालावर हात ठेवला. ऐंशी वर्षं उलटल्यावर त्यांनी आपल्या बापाला पहिल्यांदा पाहिलं होतं.

तेव्हापासून ते बोलत नाहीत. उकडलेला तारोचा कंद पुढे ठेवते, तो तसाच गार होतो. ओसरीवर पडून डोंगराच्या वाटेकडे बघत राहतात. मीच बोलते, मीच उत्तर देते. तू गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो होतो. आता वाटतं, मी एकटीच राहते इथे.

परवा मात्र त्यांनी तोंड उघडलं. सिनेमाच्या शेवटी स्ट्रेचर खाली ठेवून तू कोसळतोस, तेव्हा तुझे ओठ हलतात. पण व्हायोलिनं इतकी मोठ्याने वाजतात की शब्द ऐकूच येत नाहीत. बाबांनी विचारलं, “आईच्या पोटात मी आहे हे त्याला ठाऊक होतं. माझ्याबद्दल काही म्हणाला का?” मी म्हटलं, रूफसला विचारते. रूफस, तू खरंच काही बोललास, की नुसतेच ओठ हलवायला सांगितले होते, ते मला कळवू नकोस. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणतात, बाबांच्या छातीत पाणी भरतंय, ख्रिसमसची खात्री नाही. तू ये. उजव्या कानाने त्यांना थोडं ऐकू येतं. तिथे टेकून बस, आणि आपल्या भाषेत त्यांना काहीतरी सांग.

वाट बघणारी, तुझीच,
ग्लॅडिसताई