पट्टी कोण सोडणार?

५ नोव्हेंबर १९२६
नागपुरात पाऊल ठेवलं आणि पायच मोडला! सीताबर्डीत टांग्यातून उतरताना धोतर अडकलं आणि उजवी नडगी गेली. शाळेच्या हेडमास्तरांनी मला मारोतराव हाडवैद्यांच्या घरी आणून टाकलं. नाताळानंतर रुजू व्हा म्हणाले, नाहीतर जागा दुसऱ्याला. हाड बसवताना मी गल्ली डोक्यावर घेतली, पण मारोतरावांनी बांबूच्या कामट्या लावून पट्टी अशी झकास बांधली की मानलं बुवा. त्यांच्या पत्नी इंदुताई मऊ भात स्वतः भरवतात. मूलबाळ नाही त्यांना. मारोतरावांनी वय विचारलं, विडी ओढतो का विचारलं, मग घरी कोण कोण ते विचारलं. मी हसत सांगितलं, आगापीछा काही नाही, मेलो तरी कोणाला सुतक नाही. इंदुताईंचे डोळे भरून आले. भली बाई.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या खाटेवरचा कवडू आज चालत घरी गेला. म्हातारा, विडी सुटत नाही, तरी हाड जुळलं. त्याची बायको नारळ घेऊन आली आणि तिनंच पट्टी सोडली. इथली रीतच आहे, पट्टी घरच्या माणसानं सोडायची. मारोतराव म्हणाले, “औषधानं नाही जुडत गा मास्तर, घरी कोन वाट पाहून राहिलं त्याच्यावर जुडते.” मग माझी कोण सोडणार, असं मी विचारलं. पाहू, म्हणाले. मला ते ‘पाहू’ आवडलं नाही.

१२ डिसेंबर
आतल्या खोलीत रुपराव म्हणून एकजण आहेत. मला वाटलं नवे असतील. ते प्लेगच्या साली आलेत, वीसेक वर्षं झाली! घरचे सगळे त्यातच गेले, पट्टी सोडायला कोणी उरलं नाही, म्हणाले. तेवढ्यात इंदुताई आल्या. रुपरावांनी मुकाट्यानं घासासाठी तोंड उघडलं.

२० डिसेंबर
इंदुताई देवळात गेल्या तेव्हा पट्टी मीच सोडली. उभा राहिलो! खिडकीपर्यंत चाललो, आनंदानं रडलो. वळलो तर त्या दारात. रागावल्या नाहीत. “घरच्या मानसाबगर सोडतेत काय रे? मीच तुही माय,” म्हणाल्या. हळदीचं दूध दिलं. कडवट लागलं —

२१ डिसेंबर
एवढी झोप कशी लागली? पाय ठणकतोय. पुन्हा कामट्या — उजवी नडगी चाचपली. मोकळी आहे, धड आहे.
बांधलाय तो डावा.

२३ डिसेंबर
हेडमास्तर येऊन गेले म्हणे. मास्तर बरे होऊन गावी गेले, असं मारोतरावांनी सांगितलं. ओरडलो. कोणी आलं नाही. पत्र लिहीन, पण कोणाला? माझं आहे कोण?

२४ डिसेंबर
इंदुताई आत्ताच मायेनं सांगून गेल्या, सारखं लिहून राहिला, हाताले आराम दे. अंगणात मारोतराव कामट्या तासतायत. पायाच्या नाहीत. आखूड आहेत —
दुधाचा पेला घेऊन आल्या — मी नाही पिणा