जूझाची वाळू

प्रिय जूझा,

त्या सकाळी मी आधी दोरीवरच्या चादरी काढल्या, कोंबड्यांना पाणी दिलं, मग मर्व्हचे बूट जिन्याखालून उचलले आणि पुसून पुन्हा जिन्याखालीच ठेवले. त्याला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि बुटांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं, मळीचा वास घरभर भरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भोंगा झाला आणि मला कुणाचा डबा भरायचा नव्हता. तेवढ्यात तू आलीस. एका हातात वाळूची बादली, दुसऱ्या हातात ती तारेची चाळण. फाटकातूनच ओरडलीस, "अगं नोलीन, किटली ठेव! आणि व्हिनेगर काढून ठेव, नाहीतर शोधण्यात दुपार घालवशील."

आठवतं ना? माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू काचेच्या पेल्यात चमचाभर वाळू टाकलीस आणि वर व्हिनेगर ओतलंस. आपण दोघी वाकून, श्वास धरून बघत होतो. "बघ, एक बुडबुडा नाही," तू म्हणालीस. "शिंपल्याचा कण जरी असता ना, तरी फसफसलं असतं. शिंपल्याने माशांचं पाणी बिघडतं." तुझ्या वडिलांच्या उसामागे ओढा वळतो तिथली ती वाळू. तू ती दोनदा चाळली होतीस, बादलीचा तळ दिसेपर्यंत धुतली होतीस. मग चिमूटभर माझ्या तळहातावर चोळलीस. "टोचतंय? नाही ना? मर्व्हची मिशाळ पोरं दिवसभर वाळूत तोंड खुपसून असतात. टोकदार वाळू घातली तर मिशा झिजतात बिचाऱ्यांच्या." ते सात मासे मर्व्हने अंड्यांपासून वाढवले होते. हॉस्पिटलात मी गेले की आधी त्यांची चौकशी व्हायची, मग माझी. जाताना तू दारात थांबलीस आणि म्हणालीस, "ही वरून दोन मुठी पसर, बस्स. जुनीला हात लावू नकोस हं. जुनी वाळू जिवंत असते." मी हसले. वाळू कसली जिवंत, असं मनात म्हटलं.

त्याच संध्याकाळी व्हाल्माचा फोन आला. शनिवारी येते म्हणाली. माझी नणंद तुला ठाऊक आहे, गळाभेट घ्यायच्या आधी फ्रीजच्या मागे डोकावते. तिच्या भावाच्या घरात आता मी एकटी कशी राहते ते तिला बघायचं होतं. मी घरभर फिरून तिच्या डोळ्यांनी बघायला लागले आणि माशांच्या टाकीपाशी थांबले. तळाची वाळू काळपट तपकिरी झाली होती. एकोणीस वर्षांची होती ती. मला लाज वाटली, जूझा. त्या दिवशी उगाच वाटली. खरी लाज वाटायला हवी होती तेव्हा ती वाटली नाही.

शुक्रवारी मी मासे बादलीत काढले आणि टाकीतली सगळी वाळू खरवडून मागच्या अंगणात नेली. पाइपने धुतली. तरी वास येतोय वाटलं म्हणून वर उकळतं पाणी ओतलं, सहा किटल्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. वाळू साखरेसारखी दिसायला लागली. मग ती परत टाकीत घातली, वर तुझ्या वाळूच्या दोन मुठी पसरल्या आणि नळाचं पाणी भरलं. व्हाल्मा आली, टाकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वा, ही तर अगदी नवी दिसते गं." मी ती शाबासकी घेतली.

सोमवारी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मंगळवारी दोन गेले. गुरुवारी सकाळी शेवटचा, सगळ्यात मोठा, ज्याला मर्व्ह "साहेब" म्हणायचा. व्हाल्मा हाताची घडी घालून माझ्यामागे उभी होती. "काय घातलंस तू त्यात?" तिने विचारलं. मी मान न वळवता म्हणाले, "मी काही नाही घातलं. जूझाने वाळू आणून दिली होती. समुद्रकाठची असणार." इतकं सोपं होतं ते. तोंडातून निघालं आणि मला हलकं वाटलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण व्हाल्माने लिंडसेला फोन केला. आपल्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबचा अध्यक्ष तो, मर्व्हचा इतका जुना मित्र. पुढच्या बैठकीत, सगळे चहा घेत असताना, तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नोलीन, खरं का हे? जूझा तर व्हिनेगर लावल्याशिवाय वाळू कुणाला देत नाही." तू चहाच्या भांड्यापाशी उभी होतीस. तुला सगळं ऐकू येत होतं. आणि मी म्हणाले, "आमच्याकडे नव्हतं लावलं."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता ओरडशील, तुझा आवाज किती मोठा ते सगळ्यांना ठाऊक आहे. तू मात्र कप खाली ठेवलास, पिशवी उचललीस आणि गेलीस. तेरा वर्षं क्लबातल्या प्रत्येकाच्या टाकीत तुझ्या हातची वाळू होती. त्या महिन्यात चौघांनी टाक्या उपसून तुझी वाळू फेकून दिली. तू पुन्हा आली नाहीस. एकदा दुकानात तू समोरून आलीस, तेव्हा मी बीटच्या डब्यांवरची अक्षरं वाचत राहिले, तू जाईपर्यंत. अकरा महिने झाले त्याला.

मी तेराव्या वर्षी शाळा सोडली. वाचायला शिकले ते लग्नानंतर, मर्व्हच्या माशांच्या मासिकांवरून. तो गेल्यावर मी त्याच्या फळीवरची पुस्तकं एकेक करून काढली, ओळीखाली बोट ठेवून वाचली. दुसरं करायला काही नव्हतं, आणि त्या पानांना त्याच्या तंबाखूचा वास आहे. मार्चमध्ये वाळूच्या प्रकरणाशी आले. माशांची घाण ज्यांच्यामुळे नाहीशी होते ते डोळ्यांना न दिसणारे जीव वाळूत आणि स्पंजात राहतात, असं तिथे लिहिलंय. उकळत्या पाण्याने ते मरतात आणि मग मासे स्वतःच्याच घाणीने गुदमरतात. त्या ओळीखाली मर्व्हने सुतारकामाच्या पेन्सिलने दोनदा रेघ मारली होती. मी पुस्तक मिटलं. पण जूझा, पुस्तकाने मला डोळे दिले असं मी म्हणणार नाही. का मेले ते मला मार्चमध्ये कळलं. तू नको म्हटलेलं मी केलं आणि पेल्यात बुडबुडा आला नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. न कळता बोलले असते तर निदान अडाणी म्हणता आलं असतं. मी बघितलेलं नाकारलं. मर्व्हच्या माशांना मीच मारलं, हे मला कुणासमोर म्हणवत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईवर कुणी संशय घेत नाही. मी त्याचा आडोसा घेतला.

बुधवारी मी तुझ्या घरावरून जात होते. तुझ्या फाटकाबाहेर चार बादल्या होत्या, दोन रिकाम्या टाक्या आणि पुठ्ठ्यावर तुझं अक्षर: फुकट. घेऊन जा. वर ती चाळण होती. मर्व्हने तिच्या मुठीला निळी वायर गुंडाळून दिली होती, ती तशीच. मी गाडी थांबवली, चाळण घेतली आणि दार न वाजवता निघून आले. चोरासारखी. घरी आल्यावर ती टेबलावर ठेवली आणि जेवायला बसले, पण तिच्यासमोर घास जाईना. हे पत्र त्यामुळे. लिंडसे तुला फोन करणार आहे, म्हणालाय तसा. त्याच्याआधी तुला माझ्याकडून कळावं. माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ. चाळण माझ्याकडे आहे. तुला हवी असेल तर आणून देते, नको असेल तरी सांभाळीन. मी ती धुतलेली नाही.

तुझ्या वाळूची अर्धी बादली माझ्या टाकीखालच्या कपाटात तशीच पडून होती. चाळण आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, क्लबाची बैठक होती. मी ती बादली, एक पेला आणि व्हिनेगरची बाटली घेऊन क्लबात गेले. सगळ्यांसमोर चमचाभर वाळू पेल्यात टाकली, व्हिनेगर ओतलं, आणि एकही बुडबुडा न आलेला तो पेला एकेकाच्या हातात दिला.

तुला फसवणारी, तरीही तुझीच,
नोलीन