चंद्रावरचा भाऊ

लोणावळा,
२६ जुलै १९६९

ती. गं. भा. अक्कास, हनुमंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा शेकतेस की शेकते म्हणून नुसतंच लिहितेस? इथे पावसाने उच्छाद मांडला आहे. केबिनवरून समोरचा सिग्नल दिसत नाही आणि क्वार्टरमध्ये विजार वाळत नाही. एकट्यापुरती चूल काय पेटवायची, म्हणून बहुतेक वेळा खानावळ. हिरा गेल्यापासून आमटीची चवच विसरलो आहे.

खरी बातमी निराळीच. अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरली, तिथे चालली आणि परवा सुखरूप परत आली! स्टेशनातल्या चहावाल्याच्या रेडिओभोवती ही गर्दी. उभ्या गाडीतले पासिंजरसुद्धा खाली उतरून ऐकत होते. तुमच्या इंदुरीच्या गिरणीवर यावर काय खल चालला आहे ते कळव. तू काय म्हणणार याचा मला अंदाज आहे, तरी कळव.

भाऊबीजेला येण्याचं विचारलंस. बघतो. घाटातली ड्यूटी, सणाची गर्दी, तुला ठाऊक आहेच.

माया आहे तशीच असू द्यावी.

तुझा,
हनुमंत


इंदुरी,
६ ऑगस्ट १९६९

चि. हनुमंता यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

गुडघा शेकते. तू माझा सासरा होऊ नकोस.

चंद्राचं म्हणशील तर साफ खोटं आहे. एकीकडे लिहितोस की पावसात समोरचा सिग्नल दिसत नाही, आणि चंद्रावरचा माणूस मात्र तुला रेडिओत दिसला! गिरणीवर मी हेच सांगितलं. त्यावर शेजारची शालूबाई म्हणाली की, आमी तरी कुटं खरं मानतोय, लय थापा मारत्यात ती लोकं. तिचा भाचा खंडाळ्याला सिनेमावाल्यांचं सामान वाहायला गेला होता. त्यांनी म्हणे आपल्याच डोंगराच्या उतारावर कापूस आणि मीठ पसरलं आणि काश्मीरचा बर्फ म्हणून दाखवला. ज्यांना खंडाळ्याचं काश्मीर करता येतं, त्यांना चंद्र करायला कितीसा वेळ?

आता थट्टा पुरे. भाऊ येऊ शकला नाही तर बाईने चंद्राला भाऊ मानून ओवाळायचं, ही आपल्यातली रीत. हिरा गेली त्या वर्षापासून तू आला नाहीस, म्हणून मी अंगणात पाट मांडून चांदोबाला ओवाळते. त्याच्या डोक्यावर कुणी बूट घालून चालला, हे मी कसं मानू रे? मला ते ऐकवतसुद्धा नाही.

तुझ्या स्टेशनातला केरबा गावी आला होता, त्याच्याबरोबर लाडू पाठवले आहेत. खा, स्टेशनातल्या खलाशांना वाटून मोकळा होऊ नकोस. बहिणीची आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझी,
अक्का


लोणावळा,
३० ऑगस्ट १९६९

ती. गं. भा. अक्कास शि. सा. न. वि. वि.

लाडू खाल्ले. दोनच वाटले.

सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण आहे, ते शालूबाईलाही दाखव. चंद्राच्या मातीत उमटलेलं पाऊल आहे. तिथे वारा नाही, पाऊस नाही, म्हणून हा ठसा वर्षानुवर्षं असाच राहील म्हणतात. आता तरी हट्ट सोड. तिथे कुणी चांदोबा नाही, अक्का. नुसती धूळ आणि दगड. इतकी वर्षं तू दगडाला ओवाळते आहेस.

दिवाळीची रजा यंदाही मिळेल असं दिसत नाही. साहेब ऐकत नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस. लोभ असावा.

तुझा,
हनुमंत


इंदुरी,
२६ ऑक्टोबर १९६९

चि. हनुमंता यास आशीर्वाद.

कात्रण मिळालं. उत्तर लिहायला मन होत नव्हतं. दगडाला ओवाळतेस हे वाचलं आणि पत्र घडी करून ठेवून दिलं.

केरबा दसऱ्याला आला होता. त्याला मी सहज म्हटलं, तुमचे साहेब मोठे कठोर, माझ्या भावाला सणाची रजा देत नाहीत. तो बिचारा गोंधळला. म्हणाला की, न्हाई अक्का, हनुमंतभाऊ सोताच दिवाळीची ड्यूटी मागून घेत्यात, बायकापोरंवाल्यांना घरी धाडत्यात. मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

आता तुला सांगते, मी एवढी का भांडत होते. माणसं चंद्रावर जाऊन घरी परत येतात हे खरं धरलं, तर लोणावळ्याहून तळेगावला उतरून इंदुरीला येता येत नाही, हे खरं कसं धरू? दोन्हींतलं एक खोटं मानणं भाग होतं. मी तुला खरं मानलं.

यंदा मी चंद्राला ओवाळणार नाही. पाट मांडीन. रिकामा राहिला तर राहू दे.

तब्येतीला जप.

अक्का


इंदुरी,
२२ नोव्हेंबर १९६९

चि. हनुमंता यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पोचल्याचं कार्ड अजून टाकलं नाहीस. पत्राला उत्तर न देता एकदम दारात उभा राहिलास, तसा आता कार्डावाचूनही राहशील, म्हणून मीच लिहिते.

भाऊबीजेच्या दिवशी तुझं काही कळलं नव्हतं. हात रिकामे राहवेनात, म्हणून तिसऱ्या प्रहरी धड सारवलेली ओसरी पुन्हा सारवली. दिवेलागणीला बिजेची कोर दिसली. शालूबाई कुंपणाशी येऊन म्हणाली की, ओवाळ गं, आता बुडंल त्यो. मी हलले नाही. कोर डोंगराआड गेली तेव्हा मात्र मला रडू आलं. निरांजन विझवायला उठले आणि तू ओल्या ओसरीवर पाय देऊन उभा! गाडी रखडली म्हणालास.

ओवाळताना तू जे बोललास ते मी विसरलेले नाही. दरवर्षी भाऊबीजेची पिशवी हिरा भरायची, तिच्यावाचून या उंबऱ्यात एकट्याने पाय टाकवत नव्हता, म्हणालास. अरे, मग तसं लिहायचं. मीही इथे एकटीच आहे ना? दोघांनी मिळून तिच्यासाठी रडलो असतो. साहेबाला कशाला बदनाम केलंस?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास, तेव्हापासून घर पहिल्यापेक्षा मोठं झालं आहे. दोन ताटं घासली, तेवढंच काम पुरलं. पाट अजून उचललेला नाही.

परत दोघं चंद्रावर उतरले होते आणि आता घरच्या वाटेला लागले आहेत म्हणे. गिरणीवर मी सांगितलं की खरं आहे, माणसं जातात. सुखरूप पोचोत बिचारे, त्यांच्याही बहिणी असतील.

काल ओसरी सारवली. तुझं पाऊल उमटलं आहे तेवढी जागा सोडून सारवली. इथे वारा आहे, पाऊस आहे, कोंबड्या आहेत. ते फार दिवस राहायचं नाही, तेव्हा पुसायच्या आत ये.

तुझी वाट बघणारी,
अक्का