आपल्याच घरात भाडेकरू

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला काही लिहिलं नाही. तू असतानाही कधी लिहिलं नव्हतं, कारण आपण दोघं कायम एकाच घरात राहिलो. आज लिहितोय ते त्या घराबद्दलच. कोपरखैरण्याचं आपलं बैठं घर मी विकलं. आता नाही, चार वर्षांपूर्वी. आणि विकल्यावर त्याच घरात भाडं देऊन राहिलो, कुणाला न सांगता. ताईलासुद्धा नाही.

तू ते घर कसं उभं केलंस ते मला माहीत आहे, म्हणून तर हात जड झालाय. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो, ताई दहावीत. तू महाप्याच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागलीस. काचेच्या बारीक बाटल्या खोक्यात भरायच्या, दिवसभर उभं राहून. बाटली फुटली की बोटाला चिरा पडायच्या, आणि घरी आल्यावर भाजीत तिखट घालताना तू डावा हात वापरायचीस. लॉटरीत घर लागलं तेव्हा वर नुसते पत्रे होते. पोटमाळा काढायचा ठरला तेव्हा सुट्टीच्या दिवशी गवंड्याला विटा तूच उचलून दिल्यास. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अहो, बिगारी लावा की.’ तू म्हणालीस, ‘मीच हाय की बिगारी.’ आणि हसलीस.

एकदा तू मला रागावली होतीस ते आठवतंय का? कॉलेजचा एक मित्र अचानक घरी आला. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की आम्ही वाशीला राहतो, बिल्डिंगमध्ये. तो पत्ता शोधत शोधत, विचारत विचारत आला आणि दारात म्हणाला, ‘अरे, तू तर वाशीला राहतोस ना?’ तू त्याला पोहे केलेस, चहा दिलास, बसपर्यंत सोडून यायला मला पाठवलंस. मी परत आल्यावर तू पीठ मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘काहून लाजतूस रे लेकरा? घर लहान असू दे. पण पत्ता खोटा सांगू नको.’ तेवढंच. नंतर दोन दिवस तू माझ्याशी कामापुरतं बोललीस.

मी विकलं कसं, ते सांगतो. माझी कंपनी गुजरातला हलली. आम्हाला पैसे देऊन मोकळं केलं. बावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कुणी स्टोअरकीपर म्हणून घेईना. मग मोबाइलवर शेअर घ्यायला-विकायला शिकलो. पहिले दोन-तीन महिने बरं चाललं, तुझ्या सुनेला मी नवीन मिक्सर आणून दिला. नंतर बुडालो. फंडाचे सगळे गेले, वर उसनेही झाले. आजारपण नव्हतं, पोराचं शिक्षण नव्हतं, पोरगं तर कधीच नोकरीला लागून पुण्याला गेलं होतं. मला सांगायला एकही चांगलं कारण नाही, आई. बऱ्याच वेळा वाटतं, एखादं असतं तर बरं झालं असतं.

झेरॉक्सच्या दुकानात एक एजंट बसायचा. त्याला मी नुसतं विचारलं, घराचे किती येतील. तो म्हणाला, ‘काका, घर सोडायची गरजच नाही. विका आणि तिथंच भाड्यानं राहा. पार्टी आहे माझ्याकडे, त्यांना आत्ता राहायचं नाहीये. पैसे मोकळे होतील, सामान पण हलवायला नको.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘कुणाला कळणार पण नाही.’ मी त्या शेवटच्या वाक्यावर घर विकलं.

तुझ्या सुनेनं एकच विचारलं, ‘ताईंना सांगणार ना?’ मी म्हणालो, सांगतो. तू गेल्यावर ताईनं हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा ती म्हणाली होती, ‘मला हिस्सा नको. चौदा एप्रिलच्या जयंतीला दोन दिवस यायला आईचं घर राहू दे, बस.’ ते वाक्य आठवायचं आणि मी फोन खाली ठेवायचो. असं करता करता वर्ष गेलं. मग सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता वर्षभर का लपवलं तेही सांगावं लागलं असतं.

घर घेणारा मुलगा तिशीतला, महाप्याच्या आयटी कंपनीत कामाला, आईवडील साताऱ्याला. वागायला सरळ. मला काका म्हणायचा. अकरा महिन्यांचा करार झाला. भाडेकरूची नोंद करायला त्याच्याबरोबर पोलीस चौकीत जावं लागलं. हवालदारानं माझा फोटो फॉर्मला लावला आणि विचारलं, ‘या जागेत कधीपासून राहताय?’ मी म्हणालो, ‘चाळीस वर्षं झाली.’ त्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे पाहिलं. मुलगा चटकन म्हणाला, ‘या महिन्यापासून लिहा, साहेब.’

मी तिथंच राहत होतो, पण घर बदललं. भिंत तीच, पण खिळा ठोकायचा तर फोन करून विचारायचं. नळ गळायला लागला तर आधी फोटो पाठवायचा. शेजारी विचारायचे, ‘काय, वर मजले कधी चढवताय? सगळ्यांनी चढवले.’ मी म्हणायचो, बघू पुढच्या वर्षी. आणि घरात येऊन तुझ्या फोटोकडे पाठ करून बसायचो.

गेल्या वर्षी जयंतीला ताई आली होती, दोन्ही नातवंडं घेऊन. सकाळी वंदना झाली, मिरवणूक बघून झाली, दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि दारात तो मुलगा उभा. छताला ओल आली होती म्हणून मीच त्याला कळवलं होतं, पण तो त्या दिवशी येईल असं वाटलं नव्हतं. ताईनं विचारलं, ‘हे कोण?’ मी म्हणालो, ‘वॉटरप्रूफिंगचं बघायला आलेत.’ तो चपला काढून आत आला, छताकडे पाहिलं. ताईनं त्याला जेवायला बसवल्याशिवाय सोडलं नाही. पानात खीर वाढताना ती सांगत होती, ‘आमच्या आईनं विटा उचलल्यात बरं या घरासाठी. बोटं कापून घेतलीत. नीट काम करा, भाऊ. पैशाकडे बघू नका.’ तो खाली मान घालून जेवत होता. म्हणाला, ‘हो मावशी. छान घर आहे.’

मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो. तो गाडी चालू करता करता थांबला. ‘काका, भाडं दोन दिवस उशिरा द्या, चालेल. पण मला परत असं खोटं बोलायला लावू नका.’ माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. मी त्याला सॉरी म्हणालो. घरी आलो तर ताई तुझा फोटो पुसत होती. मला म्हणाली, ‘माणूस चांगला वाटला.’ तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

या जानेवारीत त्यानं कळवलं की करार पुढे वाढवणार नाही. घर पाडून तीन मजली बांधायचंय, आईवडिलांना आणायचंय. त्यात चूक काहीच नाही, घर त्याचं आहे. मी घणसोलीला एक खोली बघितली आणि मग ताईला फोन लावला. सगळं सांगितलं, शेअरपासून. ती म्हणाली, ‘विकलंस ते विकलंस. पण मला एवढं सांग, तीन वर्षं जयंतीला येऊन मी कुणाच्या घरात जेवले?’ तिनं फोन ठेवून दिला.

सामान हलवायच्या दिवशी ती न कळवता आली. परभणीहून रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी हजर. टेम्पो भरून झाल्यावर तिनं बादली मागितली आणि रिकामं घर धुवायला घेतलं. तुझा ओटा, मोरी, पोटमाळ्याचा जिना, सगळं. तो मुलगा किल्ली घ्यायला आला होता. म्हणाला, ‘मावशी, राहू द्या. परवा तोडायचंच आहे.’ ताई म्हणाली, ‘तुम्ही तोडा. आम्ही घाण ठेवून जात नसतो.’ तो बाजूला झाला. तुझ्या सुनेनं दुसरा झाडू घेतला. मी मधेच उभा होतो, तर ताईनं पाण्याचा डबा माझ्या हातात दिला. मी पाणी ओतत राहिलो.

आता घणसोलीच्या खोलीत बसून लिहितोय. मी एका गोडाऊनमध्ये हिशेबनीस म्हणून जातो, तुझी सून डबे देते. ताई फोन करते, पण तिच्याशी बोलते, माझ्याशी नाही. तुझा फोटो ताईनं परभणीला नेला. मी नको म्हणालो नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. ताईला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा एवढं मी वगळलं. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात सह्या झाल्या, अंगठे झाले, बाहेर आलो. सगळ्यांना वाटतं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं असेल. तसं झालं नाही. समोरच्या हॉटेलात जाऊन मी दोन प्लेट मिसळ खाल्ली. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती.